मदत हवी आहे: मुलांबरोबर तत्त्वचिंतनाचा तास घेण्यासाठी शिक्षकांची तयारी कशी करून घ्यावी?

नमस्कार मंडळी,

आमच्या केंद्रातल्या जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांसाठी पुढच्या सत्रात हे प्रशिक्षण घ्यायचं ठरतंय. केंद्रप्रमुखांनी शिक्षण परिषदेतला (केंद्रातल्या शिक्षकांच्या नियमित बैठकीतला) वेळ द्यायचं कबूल केलंय. बहुतेक जण तिसरी ते पाचवीला शिकवणारे आहेत, काही द्विशिक्षकी शाळांतले. माझ्या चौथीच्या वर्गात मी हा तास नेमाने घेते आणि मुलं त्यात रमतात. पण शिक्षकांना कसं तयार करायचं, हे मला सुचत नाहीये.

ज्यांना पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मॅथ्यू लिपमन हे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत. कॉलेजात आलेल्या मुलांना तर्क शिकवायला आपण फार उशीर करतो, असं वाटून त्यांनी शाळकरी मुलांसाठी काम सुरू केलं आणि १९७४ मध्ये न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर इथे त्यासाठी संस्था काढली. तासाचं रूप साधं आहे. मुलं गोल बसतात, गोष्ट वाचली जाते, मग प्रश्न मुलं काढतात. फळ्यावर प्रश्नापुढे विचारणाऱ्याचं नाव लिहायचं, हात वर करून एक प्रश्न निवडायचा आणि त्यावर बोलायचं. शिक्षक उत्तर सांगत नाही, पण नुसता बसूनही राहत नाही. कारण विचारतो, उदाहरण मागतो, एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या म्हणण्याशेजारी आणून ठेवतो.

आता अडचण. लाकूडतोड्या आणि जलदेवतेची गोष्ट माझ्या वर्गात वाचली तेव्हा एका मुलीने विचारलं, "देवीला माहीत होतं ना कुऱ्हाड लोखंडाची आहे? मग सोन्याची दाखवून ‘ही तुझी का?’ असं विचारणं म्हणजे खोटंच झालं ना?" त्यावर वर्ग अख्खी तासिका बोलत होता. एक म्हणाला, परीक्षा घ्यायला खोटं चालतं, बाईही परीक्षेत चुकीचे पर्याय देतात. दुसरी म्हणाली, पण परीक्षा आहे हे आम्हाला आधी माहीत असतं, त्याला कुठे माहीत होतं? दहा वर्षांच्या मुलीने फसवणूक आणि परीक्षा यांतला फरक इतका नेमका मांडला, याचा मला आजही आनंद होतो.

हीच गोष्ट मी काही सहकाऱ्यांना त्यांच्या वर्गात घ्यायला सांगितली. सगळे मनापासून शिकवणारे आहेत. तरीही प्रत्येक ठिकाणी तास "म्हणून नेहमी खरं बोलावं" इथे येऊन थांबला. वर्षानुवर्षं परिपाठात बोधकथा आणि तिचं तात्पर्य सांगायची सवय आहे, ती एका भाषणाने कशी जाणार? मी पद्धतीवर तासभर बोलले, सगळ्यांनी वहीत टिपणं घेतली, पण वर्गात काहीच बदललं नाही.

म्हणून विचारते:

शिक्षकांना उत्तर हातचं राखून ठेवायची सवय कशी लागते? त्यासाठी प्रशिक्षणात नेमकं काय करून घ्यावं?

मुलांच्या प्रश्नांतला चर्चेजोगा प्रश्न कोणता, हे ओळखायला कसं शिकवावं?

आणि देव, जात, गरिबी यांवर प्रश्न आला की बरेच जण घाबरतात. गावात राहायचं असतं, ती भीती मला खोटी वाटत नाही. त्यांना काय सांगू?

— अबोली

रानजाई:
अबोलीताई, भाषण पूर्ण काढून टाका. लिपमन आणि त्यांच्या सहकारी अ‍ॅन शार्प न्यू जर्सीत मेंडम इथे निवासी कार्यशाळा घेत. तिथे शिक्षक गोलात मुलांच्या जागी बसत, लिपमनच्याच गोष्टी मोठ्याने वाचत, स्वतः प्रश्न काढत आणि त्यांवर खरोखर वाद घालत. मी डीएड कॉलेजात शिकवायचे तेव्हा हाच मार्ग धरला होता. जो शिक्षक स्वतः कधी गोलात बसून अडखळला नाही, त्याला मुलाचं अडखळणं बघवत नाही. तो लगेच मदतीला धावतो आणि उत्तर देऊन टाकतो.

पहिल्या दिवशी चिऊ-काऊची गोष्ट घ्या. शेणाचं घर वाहून गेलंय, काऊ पावसात भिजतोय, चिऊ आतून "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते" म्हणतेय. तरी आपण सगळे लहानपणापासून चिऊला चांगली का म्हणतो? शिक्षकांना यावर आधी ठरलेलं उत्तर नसतं, म्हणून ते खरं बोलतात. कोणी "तिची स्वतःची पिल्लं आहेत" म्हणेल, कोणी "शेजारधर्म काय मग?" विचारेल. तुम्ही कोणाचीच बाजू घेऊ नका. शेवटी ते "मॅडम, पण बरोबर काय?" विचारतील. तिथेच थांबा आणि विचारा, आत्ता हे ऐकावंसं का वाटलं? प्रशिक्षणातला सर्वांत मोलाचा अर्धा तास हाच ठरतो, त्याला घाई करू नका.

दुसऱ्या दिवसापासून जोड्या करा. एकाने दहा मिनिटं चर्चा चालवायची, दुसऱ्याने मागे बसून फक्त लिहायचं: शिक्षक किती वेळा बोलला, काय म्हणून बोलला, एका मुलाच्या बोलण्यावर दुसरं मूल थेट कधी बोललं. "छान" आणि "बरोबर" हे शब्दही टिपायला सांगा. शिक्षकाने "बरोबर" म्हटलं की बाकीचे हात खाली जातात, हे त्याला कागदावर दिसतं तेव्हा पटतं.

प्रश्न ओळखण्यासाठी ऑस्ट्रेलियातले फिलिप कॅम यांची चार घरांची आकृती वापरा. उत्तर गोष्टीतच सापडतं तो एक प्रश्न, कल्पनेने रंगवायचा दुसरा, जाणकाराला विचारून किंवा पुस्तकात बघून सुटतो तो तिसरा, आणि विचार केल्याशिवाय सुटत नाही तो चौथा. "कुऱ्हाड कशाची होती?" हा पहिला. "देवी पाण्यात काय खात असेल?" हा दुसरा. "लोखंड पाण्यात का बुडतं?" तिसरा. तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न चौथा. शिक्षकांनी वर्गातून आणलेल्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या जमिनीवर आखलेल्या चार घरांत ठेवायला लावा. कुठली चिठ्ठी कुठे, यावर जे भांडण होतं त्यातच शिकणं होतं.

दूरदेशी:
मी इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे सॅपियर (SAPERE) या नावाने १९९२ मध्ये सुरू झालेली संस्था हे प्रशिक्षण देते. माझा पहिला टप्पा दोन दिवसांचा होता. खरा फरक मात्र त्यानंतर पडला, कारण प्रशिक्षक आमच्या वर्गात येऊन मागे बसायच्या आणि तासानंतर माझ्याशी बोलायच्या. एकदाच प्रशिक्षण देऊन सोडू नका, एवढीच कळकळीची विनंती.

अधिकारी "गुण वाढतील का?" विचारतील. इथे एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशन या शिकवण्याच्या पद्धती तपासणाऱ्या संस्थेने ४८ शाळांत या तासाची चाचणी घेतली. २०१५ च्या अहवालात वाचन आणि गणितात सरासरी दोन महिन्यांची जास्त प्रगती दिसली. त्या जोरावर मोठी चाचणी झाली, पण २०२१ च्या अहवालात वाचनात फरक आढळला नाही. म्हणून गुणांचं आश्वासन देऊ नका. मुलं एकमेकांचं ऐकतात, कारण देऊन बोलतात, मत बदललं तर तसं सांगतात, हे सांगा. ते वर्गात येऊन कोणालाही बघता येतं.

माळकरी:
मॅडम, विरोध म्हणून नाही, पण आमच्या शाळेत तिसरीतली काही मुलं अजून जोडाक्षरं अडखळत वाचतात. निपुणचं (पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाचं) काम, ऑनलाइन माहिती, पोषण आहार, यातून हा तास कुठे बसवायचा?

अबोली:
माळकरी सर, रास्त प्रश्न. आनंददायी शनिवारचा वेळ मी यासाठी वापरते. आणि गोष्ट मी वाचून दाखवते, त्यामुळे वाचनात मागे असलेलं मूल इथे मागे राहत नाही. माझ्या वर्गात उत्तम कारणं देणारा एक मुलगा वाचनात सर्वांत कच्चा आहे. त्याचा प्रश्न फळ्यावर नावासकट लिहिला गेला, तेव्हा त्याने तो स्वतः उठून बोट ठेवत वाचला.

रानजाईताई, चिऊ-काऊ नक्की. देव-जातीच्या प्रश्नाबद्दल अजून कोणी लिहिलं तर हवंय.

रानजाई:
त्यावर माझा अनुभव असा. पालकसभेत पालकांनाच एकदा गोलात बसवा, तोच तास त्यांच्याबरोबर घ्या. शिक्षक मुलांच्या डोक्यात काही भरवत नाहीत, हे त्यांना दिसतं. जातीचा प्रश्न आला तर मात्र एक फरक शिक्षकांना स्पष्ट सांगा: "अस्पृश्यता योग्य का?" हा दोन्ही बाजू मांडण्याचा विषय नाही, संविधानाच्या १७ व्या कलमाने ती संपवली आहे. "एखाद्याला वेगळं बसवलं की त्याचं काय हिरावलं जातं?" यावर मुलं खोलवर बोलू शकतात. आणि ज्या मुलावर हे गुदरलं असेल, त्याला उदाहरण म्हणून कधीही उभं करू नका.

अबोली:
हे प्रशिक्षणात जसंच्या तसं घेते. सातारा-सांगली भागात कोणी असा तास घेत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा. आमच्या शिक्षकांना तुमच्या वर्गात मागे बसायला आणायचं आहे.