मदत हवी आहे: वर्डच्या जुन्या फाइलींत 'दस' (Thus) मॅक्रो व्हायरस

राजेहो, तालुक्याच्या टायपिंग सेंटरवर एक्सपी अन् वर्ड २००३ आहे. प्रतिज्ञापत्रं, फेरफाराचे अर्ज अशा सुमारे ३०० डॉक फाइली, सगळ्या कृतिदेव फॉन्टमध्ये. ऑल्ट+एफ११ दाबून मॅक्रोची (फाइलीत साठवलेल्या छोट्या प्रोग्रामची) खिडकी उघडली, की 'धिसडॉक्युमेंट'मध्ये कोड दिसतो, पहिल्याच ओळीत 'दस_००१'. म्हणजे १९९९ चा दस. हा १३ डिसेंबरला सी ड्राइव्हवरच्या फाइली उडवतो. मशीनचा सीमॉस सेल (घड्याळ चालू ठेवणारा) गेलेला, त्यामुळे तारखेचा भरोसा नाही. म्हणून फाइली आधीच डी ड्राइव्हवर अन् वेगळ्या पेनड्राइव्हवर घेतल्या.

वर्ड बंद करून नॉर्मल.डॉटचं (नव्या फाइली ज्यावरून बनतात त्या वर्डच्या टेम्प्लेटचं) नाव बदललं, मॅक्रो सिक्युरिटी 'हाय' केली. नवा टेम्प्लेट स्वच्छ येतो. पण नुसता टेम्प्लेट बदलून भागत नाही, कारण व्हायरस प्रत्येक फाइलीत बसलाय. सिक्युरिटी खाली असताना एक जरी बाधित फाइल उघडली की टेम्प्लेट पुन्हा खराब.

'सेव्ह अ‍ॅज आरटीएफ' (मॅक्रो न ठेवणारा फाइल-प्रकार) सांगू नका लगेच. काही मॅक्रो व्हायरस ती आज्ञाच अडवतात अन् नाव आरटीएफ, आत मात्र डॉकच ठेवतात. (नोटपॅडमध्ये उघडून सुरुवातीला महिरपी कंस अन् 'आरटीएफ' दिसतं का, ते पाहावं.)

विचार असा आहे की दुसऱ्या मशीनवर लिबरऑफिसने (वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर) सगळ्या फाइली एकदम डॉक्समध्ये (.docx, वर्डचा नवा फाइल-प्रकार) बदलायच्या. डॉक्समध्ये मॅक्रो राहतच नाही. कोणी केलंय का? जोडलेल्या रकान्यांचे तक्ते अन् कृतिदेवची अक्षरं, विशेषतः रफार, जागेवर राहतात का? नसेल, तर फाइलीतला कोड एकगठ्ठा काढायचा दुसरा मार्ग कोणता?