ब्लॅकपूल, कमी पैशांत: तुमचे अनुभव लिहा

कृष्णाकाठ

सप्टेंबरात आई-बाबा साताऱ्याहून येताहेत. लंडन, लेक डिस्ट्रिक्ट वगैरे पाहुण्यांना दाखवायचं ते सगळं ठरलंय, पण बाबांची फोनवर एकच मागणी: "विलायतेतला समुद्र बघायचा." आम्ही मँचेस्टरला राहतो, तेव्हा समुद्र म्हणजे ब्लॅकपूल.

अडचण अशी की दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघं तिथे जाऊन आलोय आणि ती सहल खिशाला चांगलीच लागली होती. गाडी लावायचे पैसे, मग पाऊस आला म्हणून एका बंदिस्त ठिकाणाचं तिकीट, ते तासाभरात बघून झालं म्हणून दुसऱ्याचं. घरी येताना लक्षात आलं, दिवसभर समुद्राकडे पाठ करूनच फिरलो. आता सहा माणसं, त्यात बाबा प्रत्येक पौंडाला मनातल्या मनात शंभराने गुणणार.

तेव्हा माहीतगारांनी कृपया लिहा. काय फुकटात झालं, काय थोडक्यात भागलं, कशावर पैसे घालवून चुटपुट लागली. ‘टॉप टेन’ याद्या मी वाचल्यात, त्या नकोत. स्वतःचं लिहा.

प्रेस्टनचा पाहुणा

नऊ वर्षं प्रेस्टनला आहे. ब्लॅकपूल ट्रेनने अर्ध्या तासावर, त्यामुळे घरी कोणीही आलं की दुसऱ्या दिवशी आमची वरात तिकडे.

गाडी नेऊ नका. मुलं बरोबर आहेत ना? मग फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड काढा. मोठ्यांना एक तृतीयांश आणि ५ ते १५ वर्षांच्या मुलांना ६० टक्के सूट. एका कार्डावर चार मोठी माणसं जातात, म्हणजे तुमचं सगळं बिऱ्हाड बसलं.

आणि निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ बघा. मी मुरुडचा, मला वाटायचं समुद्र मला कळतो. इथे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत आठ-नऊ मीटरचा फरक पडतो, आपल्याकडच्या जवळपास दुप्पट. ओहोटीला वाळूवर क्रिकेटचे चार सामने एका वेळी होतील. भरतीला वाळूच उरत नाही, लाटा थेट बांधाच्या पायऱ्यांवर आपटतात. पहिल्या खेपेला मुलीला बादली-फावडं घेऊन दिलं आणि नेमके भर भरतीला पोचलो. ती दोन तास पायरीवर बादली मांडीत घेऊन बसली होती, तो फोटो अजून घरात लावलेला आहे. ओहोटीला फार आतवर मात्र चालत जाऊ नका. पाणी परत येतं ते सखल वाळूतून, कधी कधी आपल्या पाठीमागून.

पियर, म्हणजे समुद्रात शिरलेले लांब धक्के, तीन आहेत. त्यातला नॉर्थ पियर सगळ्यात जुना, १८६३ चा, आणि सगळ्यात शांत. फिरायला तिकीट नाही. जवळपास अर्धा किलोमीटर आपण लाकडी फळ्यांवरून समुद्रात चालत जातो आणि फटींमधून खाली पाणी हलताना दिसतं. आई पहिली पन्नास पावलं माझा दंड घट्ट धरून चालली. नंतर बाकावर बसली ती उठायला तयार नाही. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे कोकणातल्यासारखाच सूर्य पाण्यात बुडतो. पण जूनमध्ये त्याला बुडायला साडेनऊ वाजून जातात. आईने सहापासूनच विचारायला सुरुवात केली होती, "अजून किती वेळ आहे याला?"

सुट्टे पैसे

भरतीच्या वेळेबद्दल +१. आम्हीही फसलोय.

माझा सल्ला जरा लाजिरवाणा आहे. पियरवरच्या आर्केडमध्ये, म्हणजे खेळांच्या दालनात, दोन पेन्सची मशीन असतात. काचेमागे दोन फळ्या, वरची मागेपुढे सरकत असते, आणि दोन्हींवर नाण्यांचा थर असा कडेला आलेला की फुंकर मारली तर कोसळेल. (कोसळत नाही.) आपण फटीतून नाणं सोडायचं. ते घरंगळत जाऊन आडवं पडलं, की सरकती फळी त्याला पुढच्या नाण्यांवर रेटते. माझ्या आठ वर्षांच्या मुलाने शोध लावला की फळी पूर्ण मागे गेली त्याच क्षणी नाणं सोडलं तर ते सपाट पडतं, नाहीतर नुसतं दुसऱ्यांच्या डोक्यावर चढून बसतं. चार-पाच नाणी खालच्या पत्र्याच्या वाटीत खणखण पडली की तो आवाज ऐकून शेजारचे म्हातारे आजोबाही मान वळवतात.

आमचा नियम: प्रत्येकी एक पौंड, म्हणजे पन्नास नाणी, प्लास्टिकच्या पेल्यात. जिंकलेली त्याच पेल्यात पडतात, पेला रिकामा झाला की उठायचं. चाळीस मिनिटं चाललं. अर्थातच सगळे हरलो. दिवसभर बोटांना तांब्याच्या भांड्यासारखा वास येत होता. बाहेर पडल्यावर लेक म्हणाला, "आपण जिंकत होतो तेव्हाच थांबायला हवं होतं." एका पौंडात एवढं शिक्षण कुठे मिळतं?

उपासाचा बटाटा

शाकाहारी लोकांनी नुसते चिप्स घेतानाही आधी विचारा की कशात तळलेत. उत्तर इंग्लंडमध्ये बऱ्याच दुकानांत अजून बीफ ड्रिपिंग वापरतात, म्हणजे गाईची चरबी. मला हे दोन वर्षांनी कळलं. त्या दोन वर्षांबद्दल आईला सांगितलेलं नाही. वनस्पती तेलात तळणारी दुकानंही आहेत, थोडं चालावं लागतं. बरोबर मशी पीज घ्या, म्हणजे शिजवून गाळ केलेले वाटाणे. आपल्या रगड्याची आठवण येते, फक्त त्यातला सगळा मसाला कोणीतरी काढून नेल्यासारखी.

एक मोठा पुडा दोघांना पुरतो. भिंतीला पाठ टेकून खा. सीगल मागून येतो. आवाज नाही, काही नाही, हातातला चिप जातो आणि पंख फक्त कानाला लागतो.

कृष्णाकाठ

बापरे, ड्रिपिंगचं बरं सांगितलंत. बाबा माळकरी आहेत.

लालबागची नात

थोडं विषयांतर, पण या गावात स्वस्ताई का आहे ते यातून कळेल.

माझे आजोबा गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर काय झालं ते इथे सांगायला नको. मी शिकायला लँकेशायरला आले तेव्हा ते म्हणाले होते, "आपला कापूस तिकडे जायचा." अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, हे शाळेत वाचलेलं. तो कापूस पिंजणारी, विणणारी इथली माणसं सुट्टीला कुठे जायची? ब्लॅकपूलला. रेल्वे इथे १८४६ मध्ये आली. ‘वेक्स वीक’ म्हणून एकेका गावाच्या गिरण्या आठवडाभर बंद राहायच्या. या आठवड्यात एका गावच्या, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या. अख्खं गाव, शेजारीपाजारी, मुकादम, सगळे एकाच वेळी समुद्रावर. गणपतीला लालबाग-परळ रिकामं होऊन कोकणात उतरायचं, तसंच.

१९३८ चा कायदा होईपर्यंत त्या सुट्टीचा पगारही बहुतेकांना मिळायचा नाही. म्हणून वर्षभर दर आठवड्याला थोडे पैसे टाकत जायचे, त्याची मंडळंच असायची. थोडक्यात, भिशी. खोली भाड्याने घ्यायची, खायचं सामान आपण आणायचं, मालकीण फक्त शिजवून देणार. टेबलावरच्या मीठ-मिरीचे वेगळे पैसे लावणाऱ्या मालकिणींचे विनोद इथे अजून सांगतात. (आम्हाला एका गेस्ट हाउसने दुधाच्या जादा पुडीचे पैसे लावले, तेव्हा मला परंपरेचा अभिमानच वाटला.)

म्हणजे हे गावच मुळात पैसे मोजून खर्च करणाऱ्यांसाठी उभं राहिलंय. टॉवर १८९४ चा, १५८ मीटर उंच, आयफेल टॉवरवरून सुचलेला. तो खालून, समुद्राकडून, फुकटात उत्तम दिसतो. मात्र एकच तिकीट काढायचं असेल तर टॉवरच्या बॉलरूमचं काढा. आजची सजावट १८९९ ची. सोनेरी सज्जे, रंगवलेलं छत, आणि जमिनीतून वर येणारा वुर्लित्झर ऑर्गन. दुपारी सत्तरी-ऐंशीची जोडपी नाचायला येतात. एक आजोबा काठी खुर्चीला टेकवून ठेवायचे, एक फेरी नाचायचे, परत येऊन काठी घ्यायचे. मी चहाचा एक कप अडीच तास पुरवला. खाजगी कार्यक्रम असेल तर बंद असतं, तेव्हा वेळ बघून जा.

रातकिडा

सप्टेंबर म्हणजे रोषणाईचे दिवस! ब्लॅकपूल इल्युमिनेशन्स ऑगस्टअखेर सुरू होतात, हल्ली जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतात. १८७९ मध्ये इथे विजेचे आठ दिवे लावले होते, तेवढ्यालाही बघे लोटले होते. आता किनाऱ्याने सहा मैल. एक पेनीही लागत नाही, मदतीच्या बादलीत टाकाल ते टाका.

लोक गाडीतून बघतात आणि दोन-दोन तास पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांची रोषणाई बघत बसतात. तुम्ही ट्रामने बिस्पमला जा, मोठे हलते देखावे त्या टोकाला आहेत, आणि तिथून टॉवरच्या दिशेने चालत या. गणेशोत्सवात देखावे बघत पुण्यात पेठांमधून फिरतो ना, अगदी तसं, फक्त ढोल नाहीत आणि वारा बोचरा. सप्टेंबर असला तरी कानटोपी. चेष्टा नाही.

दिवसभराचं ट्राम तिकीट काढलंत तर दुसऱ्या टोकाला फ्लीटवूडलाही जाऊन या. ही ट्राम १८८५ पासून चालते आणि स्टार गेट ते फ्लीटवूड अकरा मैल जाते. फ्लीटवूडला १८४० चं दीपगृह चक्क रस्त्याच्या मधोमध उभं आहे, ट्राम त्याच्या अंगाला घासून गेल्यासारखी वाटते. हवा स्वच्छ असेल तर खाडीपलीकडे लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर दिसतात. बाजारही आहे. आई रमतील.

बाबा_तीन_पोरांचा

प्लेझर बीचबद्दल, म्हणजे इथल्या पाळण्यांच्या पार्कबद्दल, कोणीच लिहिलं नाही, म्हणून. मुलं दहाच्या पुढची आणि पाळणे-वेडी असतील तरच जा, आणि आधी ऑनलाइन तिकीट काढून. आमच्या धाकटीची उंची बऱ्याच पाळण्यांना कमी पडली. ‘बिग वन’ हा १९९४ चा राक्षसी रोलरकोस्टर किनाऱ्यावरच्या प्रोमेनाडला लागूनच आहे, किंकाळ्या बाहेरूनही छान ऐकू येतात. आम्ही पुढच्या वेळी तेवढंच केलं.

पैसे वाचले ते स्टॅन्ली पार्कमध्ये. १९२६ ची बाग, तळं, होड्या, कारंजी, मोठ्ठी हिरवळ. सकाळी करून नेलेले मेथीचे ठेपले हिरवळीवर. टॉवरसमोर ‘कॉमेडी कार्पेट’ आहे, २०११ मध्ये केलेलं. जमिनीवर ग्रॅनाइटच्या अक्षरांत हजाराच्या वर विनोदी कलाकारांची नावं आणि त्यांची ठेवणीतली वाक्यं. पोरांनी मोठ्या अक्षरांवर लंगडी घातली, मी वाक्यं वाचली, निम्मे विनोद कळले नाहीत. पाऊस आला तर ग्रंडी आर्ट गॅलरीत शिरा, १९११ ची आहे, प्रवेश फुकट, आणि स्वच्छतागृह आहे. बापाच्या यादीत दुसरं कारण पहिलं असतं.

कृष्णाकाठ

जाऊन आलो! सगळ्यांचे मनापासून आभार, वृत्तांत लिहायलाच हवा.

नवऱ्याची सुट्टी शुक्रवारी, म्हणून शुक्रवारी गेलो. धाकट्याला वाळूवरच्या गाढवावर बसायचं होतं. एकही गाढव नाही. चौकशी केली तर कळलं की ब्लॅकपूलच्या गाढवांना नियमाने शुक्रवारची साप्ताहिक सुट्टी असते. बाबा एसटीतून निवृत्त झालेत. त्यांनी हे दोनदा विचारून खात्री केली आणि मग बराच वेळ गप्प होते. संध्याकाळी पियरवर म्हणाले, "जेवणाचीही सुट्टी देतात का बघ." बघितलं. देतात.

ओहोटी साडेअकराला होती. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात पाय बुडवले, "बर्फ आहे," म्हणाले आणि तरी वीस मिनिटं उभे राहिले. बाटलीत पाणी भरून घेतलंय, साताऱ्याला न्यायला. विमानात किती नेता येईल यावर घरात वाद चालू आहे.

आईला नाण्यांच्या मशीनपासून उठवावं लागलं. तिचा पौंड एक तास दहा मिनिटं टिकला. सुट्टे पैसे, तुमच्या लेकाची फळी मागे जाण्याची युक्ती तिला सांगितली होती, हे कबूल करते.

चिप्सचं विचारलं. पहिल्या दुकानात ड्रिपिंगच होतं, तिसऱ्यात तेल मिळालं. बॉलरूम राहिली, त्या दिवशी बंद होती. रोषणाई बिस्पमपासून चालत बघितली, धाकटा अर्ध्यात बाबांच्या खांद्यावर झोपला.

आणि ज्यांना जायचंय त्यांनी छत्र्या नेऊ नका. आमच्या दोन वाऱ्याने उलटून मोडल्या. त्यातली एक बाबांनी टाकू दिलेली नाही, दुरुस्तीला साताऱ्याला नेणार आहेत.