अनुभव धागा: अंजनेरी-ब्रह्मगिरीचं रान आणि पायथ्याची जुनी गावं

तिठा

नाशिकजवळच्या अंजनेरीच्या डोंगरावर मी आजवर आठ वेळा चढलो असेन, आणि आठही वेळा एकाच पद्धतीने. पहाटे नाशिकहून निघायचं, त्र्यंबक रस्त्याने वीसेक किलोमीटर गेल्यावर फाट्याला वळायचं, गाडी जाईल तिथवर न्यायची. मग पायऱ्या, वाटेतलं जैन लेणं, पठार, अंजनीमातेचं देऊळ, पावलाच्या आकाराचं तळं, माथ्यावरचा मारुती, आणि जेवायला घरी. गाव लागायचं ते फक्त जाता-येता, गाडीच्या काचेतून.

नवव्या खेपेला वडील बरोबर होते. त्यांचे गुडघे काही पायऱ्या चढू देईनात, म्हणून आम्ही खालीच थांबलो. ओट्यावर बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "देवळं पाह्यली का?" मला वाटलं मारुतीचं म्हणताहेत. ते उठले, चपला घातल्या आणि आम्हाला घेऊन निघाले. थोडं चालल्यावर झाडोऱ्यात एक शिखर दिसलं, मग दुसरं, मग नुसतेच उभे खांब, मग गवतात आडवी पडलेली कोरीव चौकट. यादवकाळातली देवळं, काही जैन, काही शैव. आठ वेळा मी यांच्या अंगावरून गेलो होतो.

वडील एका देवळाच्या उंबऱ्याशी तासभर बसून राहिले. समोर डोंगराची काळी भिंत, तिच्यावरून उतरणारं धुकं, मागे कुणीतरी शेळ्यांना हाकारत होतं. परतताना म्हणाले, "तू दरवेळी वर काय बघायला जायचास?"

त्या दिवसापासून हा धागा काढायचं मनात आहे. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, हर्सूल हा सगळा रानाचा पट्टा आणि त्याला धरून असलेली गावं. तिथे तुम्ही काय पाहिलंत, कोण भेटलं, काय कळलं ते लिहा. किती तासांत चढलो ते नको, ते सगळीकडे सापडतं. थोडं लांबचं असलं तरी चालेल.

फळा_खडू

तुम्ही देवळांनी सुरुवात केलीत म्हणून तिथूनच लिहिते. मी शिक्षिका आहे. तीन वर्षांपूर्वी सातवीची मुलं घेऊन गेले होते. तिथल्या एका देवळात संस्कृत शिलालेख आहे, शके १०६३ चा, म्हणजे साधारण इ.स. ११४२. यादव राजा सेउणचंद्राच्या काळातला. चंद्रप्रभ तीर्थंकरांच्या देवळाला गावातली दुकानं दान दिल्याची नोंद त्यात आहे.

मी हे सांगितलं आणि पुढे निघाले, तर एक मुलगा जागचा हलेना. "बाई, दुकानं कुठायत मग?"

मला उत्तर देता आलं नाही. मी त्या लेखाकडे राजा, साल, देवस्थान एवढ्यापुरतं पाहत होते. त्या पोराला बाजार दिसला. दानात द्यावी एवढी दुकानं, म्हणजे गिऱ्हाईक हवं, माल हवा, माल आणणारी बैलं हवीत, ती उतरायला जागा हवी. म्हणजे हे तेव्हा शहर होतं. मुलांना म्हटलं, शोधा. पुढचा दीड तास ती पोरं घाणेरीच्या जाळीतून जोत्यांचे दगड शोधत हिंडली. एकीला पाण्याच्या कडेला घडीव दगडांची रांग सापडली, तिने ती पावलांनी मोजली, सतरा भरली. ती रांग कशाची ते आजही मला ठाऊक नाही, पण तिने वहीत "दुकान नं. १" असं लिहून टाकलं होतं.

मला वाटायचं की जंगल आधी असतं आणि माणूस ते तोडून गाव वसवतो. इथे उलटंही झालंय. बाजार उठला आणि त्याच्या जागी झाडोरा आला.

हिरवी_वही

माझं कारण वेगळं. मी वनस्पतिशास्त्र शिकत होते तेव्हा सरांनी अंजनेरीला नेलं होतं, पावसाळ्याच्या उत्तरार्धात. तीन तास आम्ही उभ्याने चाललोच नाही म्हटलं तरी चालेल. गुडघ्यांवर, गवताच्या पात्यांतून.

सिरोपेजिया अंजनेरिका. कंदीलपुष्पांच्या कुळातली ही जात या डोंगरावर सापडली आणि २००६ मध्ये तिची नोंद झाली, म्हणून नावातच अंजनेरी. फूल बोटाच्या पेराएवढं. खाली फुगीर, मधे नळी, वर पाकळ्या टोकांना जुळलेल्या, थेट जुन्या कंदिलासारखं. या कुळाची युक्ती अशी की नळीच्या आतले केस खाली वळलेले असतात. बारीक माशी वासाने आत उतरते आणि तिला परत वर येता येत नाही. फूल कोमेजू लागलं की केस सैल पडतात, मग माशी परागकण घेऊन सुटते.

सरांनी जागा सांगू नका म्हणून बजावलं होतं, ती मी इथेही सांगणार नाही. पण एवढं सांगते: जमिनीखाली कंद असतो आणि पठारावरच्या मऊ मातीत एक तंबू ठोकला, एक चारचाकी वळवली, तरी तो जातो. हा डोंगर २०१७ मध्ये राखीव संवर्धन क्षेत्र झाला. मुळेगावकडून वर रस्ता न्यायचा बेत निघाला होता तेव्हा मी पहिल्यांदा आयुष्यात निवेदनावर सही केली. रस्ता झाला असता तर तुमच्या वडिलांना वर जाता आलं असतं, तिठा, हे मला कळतं. तरीही मी सही करेन.

तिठा

वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, तिला सांग, मला खालचीच देवळं बरी.

मेटाचा

मी गेले चार दिवस वाचतोय आणि लिहू की नको असं चाललं होतं. तुम्ही सगळे या रानात "जाता". माझा जन्म ब्रह्मगिरीच्या अंगावरचा आहे, मेटावरचा. मेट म्हणजे गडाच्या पहाऱ्याची चौकी. गडाच्या वाटा राखायला माणसं बसवली, त्यांच्या वस्त्या झाल्या, गड गेला, पहारा गेला, माणसं राहिली. आमच्या ग्रामपंचायतीचं नावच मेटघर किल्ला. त्यामुळे ऐतिहासिक गाव म्हटलं की लोक दगडांकडे बघतात, आणि मला वाटतं की आम्हीच त्या इतिहासाचा उरलेला भाग आहोत.

माझ्या आजीला कॅलेंडर वाचता येत नव्हतं. पहिल्या वळवानंतर शेवळं वर आली की ती म्हणायची, बियाणं काढा. मग कवळी, मग करटुली, सगळ्या रानभाज्याच. घराच्या भिंती कुडाच्या, कारवीच्या काठ्यांच्या, वरून शेणमातीने लिंपलेल्या. ती कारवी सात वर्षांनी फुलते तेव्हा डोंगर जांभळा होतो आणि शहरातून गाड्या येतात. आम्ही उरलेली सहा वर्षं तिच्याच काठ्यांच्या घरात असतो.

उन्हाळ्यात रोपांसाठी राब भाजायचा, म्हणजे पालापाचोळा जाळून वाफा तयार करायचा, पाऊस लागला की नागली, वरई. आषाढात ढग घरात शिरतात. चूल पेटत नाही, कपडे वाळत नाहीत. आणि एप्रिलमध्ये याच डोंगरावर आई पहाटे हंडा घेऊन झऱ्याशी नंबर लावायची. आमच्या डोंगराच्या एका अंगाने गोदावरी निघते ती पार बंगालच्या उपसागराला जाते, दुसऱ्या अंगाच्या पाण्यावर वैतरणा भरते आणि मुंबईचे नळ चालतात. दोन्हीकडच्या लोकांनी प्यावं, पाणी सगळ्यांचं आहे. फक्त आईच्या हंड्याची आठवण आली म्हणून लिहिलं.

तुम्ही आलात तर आनंदच आहे. एक करा. बाटल्या परत न्या, आणि डबा आणू नका. कुणाच्याही घरी आदल्या दिवशी सांगितलं तर नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि रानातली जी असेल ती भाजी मिळते. त्या पैशाने घरातल्या बाईच्या हातात काहीतरी पडतं. आणि वाट विचारा. विचारायला लाजू नका. पावसात धुकं उतरल्यावर आम्हीसुद्धा एकमेकांना हाका मारत चालतो.

फळा_खडू

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. यंदा मुलांना मेटावर आणायचं आहे. जेवायला तीस जण झेपतील का?

मेटाचा

दोन घरांत वाटून झेपतील, ताई. श्रावणात आणू नका, आवणीमुळे (रोपांची लावणी) आणि ब्रह्मगिरीच्या फेरीमुळे कुणी घरात नसतं.

गोदाकाठची

फेरीचा विषय निघालाच आहे. तिसऱ्या श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी मी आईबरोबर एकदा केली, आई जाऊन आता अकरा वर्षं झाली. त्र्यंबकच्या कुशावर्तावर स्नान करून रविवारी रात्री निघालो. प्रयागतीर्थ, मग पहिन्याची बाजू, मग अंधार. माणसं इतकी की अंधार कळत नाही, आणि तरी डाव्या हाताला रान आहे हे अंगाला कळतं. ओला पालापाचोळा, बेडूक, कुठूनतरी पाणी पडल्याचा आवाज.

आई अनवाणी होती. मी दोनदा म्हटलं, चप्पल घाल. ती म्हणाली, निवृत्तीनाथ काय बूट घालून आले होते? मग चालता चालता तिने ती गोष्ट सांगितली, जी मी कीर्तनात दहा वेळा ऐकली होती. विठ्ठलपंत मुलांना घेऊन हीच प्रदक्षिणा करत होते, वाटेत वाघ आला, पळापळ झाली, निवृत्ती चुकला आणि ज्या गुहेत शिरला तिथे गहिनीनाथ बसलेले. मांडवात बसून ऐकताना वाघ हा चमत्काराचा भाग वाटायचा. त्या रात्री, त्या वाटेवर, तो नुसता वाघ वाटला. लहान मुलगा, पाऊस, आणि झाडीत वाघ. मला आईचा हात धरावासा वाटला आणि मी धरला.

पहाटे एका पाड्यावर एका मावशीने आम्हाला कोरा चहा दिला आणि पैसे घेतले नाहीत. आईचे पाय बघून तिने गरम पाणी आणून ठेवलं. गावाचं नाव विचारायचं राहून गेलं.

खोरीपाडा_फाटा

थोडक्यात. हर्सूलजवळ खोरीपाड्याला वनखात्याने आणि गावाने मिळून गिधाडांसाठी खाद्याची जागा केली आहे. मेलेलं जनावर तिथे आणून टाकतात. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होतात, २००६ मध्ये ते औषध जनावरांसाठी बंद झालं, पण तोवर आकाश रिकामं झालं होतं. मी लांबून, झाडाआडून, दीड तास बसलो. आधी कावळे. मग एक सावली जमिनीवरून सरकली. मग एकापाठोपाठ एक उतरत गेली. माझ्याशेजारी गावातला एक तरुण होता. तो कुजबुजत मोजत होता, मोठ्याने म्हटलं तर उडतील अशा बेताने. अंजनेरीच्या कड्यांवर घरटी करणारीही हीच, लांब चोचीची.

पेठरोड

नाशिककरांनी घराजवळचं बोरगडही बघावं. २००८ मध्ये राज्यातलं पहिलं राखीव संवर्धन क्षेत्र म्हणून जाहीर झालं, आकाराने लहान, साडेतीनशे हेक्टरांच्या आसपास. तुंगलदरा गावाकडून जा. शेजारीच रामशेज आणि पायथ्याला आशेवाडी. १६८२ पासून मुघलांनी वर्षानुवर्षं झुंजूनही न मिळालेला हा किल्ला बघायला अगदी लहान, टेकडीसारखा. आशेवाडीत आम्ही पाणी मागितलं तर आधी बसायला घोंगडी आली, मग पाणी, मग गडाची हकीकत. सांगणाऱ्याच्या तोंडी "आपण लढलो" असं होतं. साडेतीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट तो माणूस प्रथमपुरुषी सांगत होता.

मोसमकाठ

तिठा म्हणाले लांबचं चालेल, म्हणून बागलाणातून लिहितो. मुल्हेरला या. बागुल राजांची ही राजधानी. गडाच्या पोटात झाडी इतकी दाट की सोमेश्वराचं देऊळ अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि मोती तलावाकाठी गणपतीचं देऊळ आहे तिथे दुपारीसुद्धा गार असतं. पण नुसता गड करून जाऊ नका. कोजागरीला गावात उद्धव महाराजांच्या समाधी मंदिरात रासक्रीडेचा उत्सव असतो. केळीच्या पानांनी आणि फुलांनी सजवलेलं मोठं चक्र खांबावर चढवतात आणि रात्रभर पदं चालतात. मी लहानपणापासून पाहतोय, तरी चक्र वर जाताना अजून घशाशी येतं. पुढे मार्गशीर्षात आसपासच्या पाड्यांवर डोंगऱ्या देव बसतो. माऊल्या, म्हणजे व्रत धरलेली माणसं, रात्र रात्र नाचतात, पावरी या वाद्याचा आवाज दरीपलीकडून ऐकू येतो. ते व्रत आहे, खेळ नव्हे. बघायला गेलात तर मोबाईल खिशात ठेवा आणि घरधन्याला विचारून उभे राहा.

गोदाकाठची

कोजागरीला नाशिकहून कोणी निघणार असेल तर मी येते. आई आता नाही, पण तिला रासाची पदं पाठ होती.

मोसमकाठ

या ताई. ताहाराबादला उतरा, मी घ्यायला येतो. मुक्काम आमच्याच घरी. वही आणा, आमच्या काकूंना जुनी पदं येतात आणि उतरवून घ्यायला घरात कुणी उरलं नाही.