मदत हवी आहे: गांजाच्या केसमध्ये भावजय आत, सोबत तान्हं बाळ. जामिनासाठी काय करता येईल?

नमस्कार. इथे फौजदारी वकिली करणारे आणि तुरुंगातल्या बायकांसाठी काम करणारे काही जण लिहितात, म्हणून विचारते. नावगाव सांगत नाही, समजून घ्या.

माझ्या धाकट्या भावाची बायको, वय २३, एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली, आत आहे. आंध्र-ओडिशाकडून येणाऱ्या गाडीतून उतरताना तिला धरलं. कडेवर बाळ आणि हातात दोन बॅगा. भाऊ त्याच डब्यात होता, तो गर्दीत निसटला, अजून फरार आहे. बॅगेत काय आहे ते तिला अजिबात ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. नवऱ्याने धर म्हटलं, तिने धरल्या. पैसे मिळणार होते तेही त्याला. पण बॅगा तिच्या हातात होत्या म्हणून आरोपी नंबर एक ती. माल भरणारा आणि घेणारा दोघांचीही नावं चार्जशीटमध्ये नाहीत. याचा मला फार संताप येतो.

पंचनाम्यात लिहिलंय: उग्र वासाचा, पाने, फुले, बोंडे, बिया व काड्या मिश्रित, हिरवट ओलसर गांजा, प्लास्टिक वेष्टनासह वजन २२ किलो १०० ग्रॅम.

सगळं या वजनावर अडलंय. २० किलोच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण. मग दोषी ठरली तर कमीत कमी दहा वर्षं आणि कमीत कमी एक लाख दंड. त्याखाली यायची न्यायाधीशांना मुभाच नाही. पहिलाच गुन्हा, अंगावर पिणारं मूल, नवऱ्याने पुढे केलेली बाई, हे सगळं कोर्टाला दिसलं तरी दहाचे नऊ करता येत नाहीत. पुढे माफीचे दिवसही मिळत नाहीत, कलम ३२-अ आडवं येतं. तेच वजन २० किलोपर्यंत असतं तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत, पण कमीत कमी किती याचं बंधन नाही. कोर्टाला दोन वर्षंही देता आली असती. वरच्या त्या २ किलो १०० ग्रॅममध्ये ओल किती, काड्या किती आणि प्लास्टिक किती, हे कुणी मोजलं?

बाळ धरपकडीच्या वेळी नुकतं पालथं पडायला लागलं होतं, आता गजांना धरून उभं राहतं. सहा वर्षांचं होईपर्यंत ते आईजवळ राहू शकतं. शिक्षा झालीच तर आईच्या कितीतरी आधी ते बाहेर येणार, आणि ज्या घरात येणार तिथली माणसं त्याच्या ओळखीची नसणार. मोठी मुलगी पाच वर्षांची, माझ्याकडे आहे. मुलाखतीला नेली की काचेपलीकडे आई, हातात फोन. ती रिसीव्हर उलटा धरते, आईचं बोलणं ऐकूच येत नाही, आणि तिला वाटतं आई गप्प बसलीय. मी सरळ करून देईपर्यंत वेळ संपत आलेली असते.

विशेष न्यायालयाने कलम ३७ दाखवून जामीन फेटाळला. ती निर्दोष असावी असं मानायला कारण आहे, हे कोर्टाला आधीच पटलं पाहिजे म्हणतात. एकही साक्षीदार तपासलेला नाही, तर पटणार कशावरून? उच्च न्यायालयात जायचं तर काय मुद्दे मांडावेत? वजनाचा मुद्दा टिकेल का? झडतीच्या वेळी महिला पोलीस नव्हती, म्हणून केस पडते असं शेजारचे सांगतात, ते खरं आहे का? आणि मुलीसाठी सरकारी मदत मिळते का? मी शिवणकाम करते, त्यात तिची शाळा आणि तुरुंगाच्या फेऱ्या भागत नाहीत.

प्रतिसाद:

ताई, मी सत्र न्यायालयात फौजदारी कामं बघतो. आधी शेजाऱ्यांचं. महिला पोलीस नसण्याचा मुद्दा अंगझडतीला लागतो. माल बॅगेत मिळाला असेल तर कलम ५०, म्हणजे अंगझडतीचे नियम, लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलंय. त्यावर विसंबू नका.

वजनावर मात्र जोर द्या. कायद्यातली गांजाची व्याख्या फुलं किंवा फळं धरलेल्या शेंड्यांची आहे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात येत नाहीत. सरकारी वकील म्हणतील की सगळं एकत्रच होतं, आणि भेसळीसकट पूर्ण वजन धरायचं हा २०२० चा हिरा सिंग निकालही दाखवतील. पण तो निकाल अमली पदार्थात मिसळलेल्या इतर गोष्टींबद्दल आहे. इथे वाद गांजा कशाला म्हणायचं यावर आहे. वजन २० किलोच्या जरासंच वर असताना काही उच्च न्यायालयांनी याच कारणाने जामीन दिलाय. शिवाय कलम ५२-अ प्रमाणे नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढले का, तेव्हा वेष्टन वगळून वजन केलं का, ते कागद मागवा. सीए रिपोर्टला (प्रयोगशाळेतल्या रासायनिक तपासणीला) गेलेल्या पुड्यांत नेमकं काय होतं तेही बघा. नमुन्यात चूक निघाली म्हणून आपोआप सुटका होत नाही, पण ३७ ची भिंत तिथूनच हलते.

खटला रखडलाय हाही स्वतंत्र मुद्दा घ्या. २०२३ च्या मोहम्मद मुस्लिम निकालात सर्वोच्च न्यायालयाने गांजाच्याच केसमध्ये, सात वर्षांहून जास्त काळ आत असलेल्या माणसाला, कलम ३७ असूनही जामीन दिला. तुमच्याकडे तेवढा काळ गेलेला नाही, म्हणून बाळाचं वय, आईचा दूधपाजता काळ आणि एकही साक्षीदार न तपासला जाणं हे अर्जात एकत्र मांडा. फीची चिंता करू नका. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच तसं आहे, उच्च न्यायालयातसुद्धा. १५१०० वर फोन करा.

प्रतिसाद:

मी तुरुंगातल्या मुलांसाठी काम करते. मुलीसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करा. महिन्याला २२५० रुपये मिळतात. आई आत असल्याचा कारागृहाचा दाखला जोडावा लागतो, तो अधीक्षकांकडे लेखी मागा, तोंडी मागितला तर महिने जातात. तुमच्या कारागृहात गळाभेट कधी असते तेही विचारा, त्या दिवशी मध्ये काच नसते, मुलं आईच्या मांडीवर बसतात. बाळाच्या लसीकरणाचं कार्ड आईकडे आहे का तेही बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उपाध्याय निकालानुसार त्याचा आहार, औषधं, पाळणाघर ही कारागृहाची जबाबदारी आहे आणि त्याला कैद्यासारखं वागवायचं नाही. यात काही कमी पडत असेल तर विधी सेवा प्राधिकरणाला लिहा.

धागाकर्तीचा प्रतिसाद:

दोघांचेही मनापासून आभार. ५२-अ चे कागद वकिलांकडे मागते, त्यांनी आजवर वजनाचा विषयच काढला नव्हता. गळाभेटीबद्दल आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आणखी एकच विचारते. बालसंगोपनाच्या अर्जावर वडिलांची सही मागितली तर काय करायचं? भाऊ फरार आहे. मुलगी माझ्याकडे राहते याला ग्रामपंचायतीचा दाखला चालतो, की आधी बालकल्याण समितीपुढे उभं राहावं लागतं?