कॅन्सर झालेल्या कुत्र्याला लस द्यायची का? माझं मत: रेबीजची द्यायचीच

हरिपूर_रोडवाला:
आमच्या लॅब्रेडॉरला, हिराला, लिम्फोमा निघालाय. वय ९. जबड्याखाली आणि मागच्या पायांच्या गुडघ्यामागं गाठी आल्या, सुई घालून नमुना तपासला, आता केमो चालू आहे. नेमकी याच महिन्यात रेबीज आणि नाइन-इन-वन (अनेक रोगांची एकत्र लस), दोन्हींची तारीख आहे. एक डॉक्टर म्हणतात सगळं थांबवा, दुसरे म्हणतात रेबीज तेवढी द्या. घरातही दोन तट पडलेत.

माझ्या मते सगळ्या लशींना एकच उत्तर असू शकत नाही. नाइन-इन-वनमधले डिस्टेंपर, पार्वोचे विषाणू जिवंत असतात, दुर्बळ केलेले. केमो चालू असताना ते अंगात नकोतच. तशीही मोठ्या कुत्र्याला या लशी दरवर्षी लागत नाहीत. लहानपणचे डोस नीट झाले असतील तर ३ वर्षांच्या आत पुन्हा देऊ नका, असं लहान प्राण्यांच्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेच्या (WSAVA) मार्गदर्शक सूचनांतच आहे. रेबीजची लस मात्र मृत विषाणूची. तिच्यातून रोग होऊ शकत नाही. आमच्या गल्लीत रात्री भटक्या कुत्र्यांची टोळी असते आणि हिराला फिरवावंच लागतं. घरातली दोन लहान पोरं त्याच्या तोंडात हात घालून बॉल काढतात. रेबीजची लक्षणं दिसली की कुत्रं काय आणि माणूस काय, वाचत नाही. विरोधात असाल तर कारण सांगा, मला खरंच ऐकायचंय.

मिरजेची_मीनल:
दादा, मी विरोधात आहे. लशीच्या बाटलीसोबतचा कागद वाचा, निरोगी जनावरालाच द्या असं त्यावर असतं. लिम्फोमा म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचाच कॅन्सर. लशीला उत्तर ज्यांनी द्यायचं त्याच पेशी आजारी, वरून केमोसोबत प्रेडनिसोलोन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड. लस लागू पडेलच असं नाही, आणि तुम्ही मात्र कार्डावरचा शिक्का बघून निर्धास्त व्हाल. इतकी वर्षं नेमानं टोचलंय ना? ते संरक्षण तारीख उलटली म्हणून दुसऱ्या दिवशी संपत नाही. आमच्या बॉक्सरच्या शेवटच्या महिन्यांत मी उपचाराशिवाय एकही सुई लावू दिली नाही. त्या मुक्या जिवाला आधीच किती टोचतोय आपण.

हरिपूर_रोडवाला:
जुनं संरक्षण केमोनं सहसा पुसलं जात नाही, हे मलाही सांगितलंय. पण ते हिराच्या अंगात किती शिल्लक आहे हे टायटर चाचणी (रक्तातल्या प्रतिपिंडांची मोजणी) केल्याशिवाय कळणार कसं? उद्या त्याचा दात कुणाला लागला तर समोरचा माणूस लसीचं कार्डच मागणार.

विट्याचा_दूधवाला:
शहरातल्या लोकांना रेबीज म्हणजे कुत्र्याचा रोग वाटतो. आमच्याकडं पिसाळलेलं कुत्रं गोठ्यात शिरलं आणि म्हशीला चावलं. काही आठवड्यांनी म्हैस वैरण खाईना, लाळ गाळायला लागली. घशात काहीतरी अडकलं असेल म्हणून वडिलांनी कोपरापर्यंत हात घातला तिच्या तोंडात. असंच होतं ताई, रेबीज आहे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. म्हैस गेली आणि घरातली सगळी माणसं सरकारी दवाखान्यात सुया घेत बसली. जखम झाली की साबण लावून १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची, हे गावातल्या निम्म्या लोकांना आजही ठाऊक नाही. कॅन्सर असू दे नाहीतर आणखी काही. घरात पोरं आहेत ना? द्या.

साताऱ्याचा_पशुवैद्य:
दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर आहे, पण वेळेबद्दल कुणीच बोललं नाही. केमोच्या इंजेक्शननंतर साधारण आठवडाभरानं पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. त्या दिवसांत ताप आला तर ती तातडीची बाब असते, जंतुसंसर्गानं कुत्रं दगावू शकतं. लशीनंही एखाद-दोन दिवस ताप येतो. म्हणजे त्या सुमारास लस दिली तर ताप कशाचा हे ओळखायचं कसं? म्हणून आधी रक्त तपासायचं, पेशी वर आल्यावर लस, आणि केमोच्या दिवशी नाही.

दुसरं असं की, काही रेबीज लशींची मुदत १ वर्ष असते, काहींची ३. मागच्या लशीचं लेबल कार्डावर चिकटवलेलं असतं, ते आधी बघा. कदाचित सगळी चर्चा पुढच्या वर्षावर जाईल. फक्त प्रेडनिसोलोनवर ठेवलेलं लिम्फोमाचं कुत्रं बहुधा महिना-दोन महिने काढतं. तिथं मीनलताई म्हणतात तसं मीही कुठलीच लस देणार नाही. पूर्ण केमोवर साधारण वर्षभर मिळू शकतं, आणि वर्षभर कुत्रं बाहेर फिरणार असेल तर गणित बदलतं. कॅन्सरची औषधं देणाऱ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मात्र काही करू नका. शंका राहिली तर शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात दाखवा.

सांगलवाडी_२०१९:
सगळे रेबीजवरच अडकलात. सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ४५ फुटांच्या वर गेलं की काय होतं, हे हरिपूर रोडवाल्यांना मी सांगायला नको. उंदराचं मूत मिसळलेलं पाणी अंगणात, त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतुरोग), आणि लेप्टो मूत्रपिंडावर जातो. लेप्टोची लसही मृत जंतूंची असते आणि तिचं संरक्षण वर्षभराचंच. नाइन-इन-वन नको असेल तर नुसती लेप्टोची मागा, वेगळी मिळते.

मिरजेची_मीनल:
आता लेप्टोही? मध्ये बराच खंड पडला असेल तर दोन डोस घ्यावे लागतात, काही आठवड्यांच्या अंतरानं. त्यापेक्षा पाणी चढायच्या आत कुत्र्याला विश्रामबागेत कुणाकडं ठेवा. पुराच्या पाण्यात आजारी कुत्रं उतरवायचं कशाला?

सांगलवाडी_२०१९:
२०१९ च्या पुरात आम्हाला घरातून निघायला मिळालेला वेळ बघितला असता तर हे लिहिलं नसतं ताई.

हरिपूर_रोडवाला:
कार्ड पाहिलं. मागची रेबीज १ वर्षाचीच आहे, म्हणजे पुढं ढकलायला जागा नाही. पुढच्या तपासणीत पेशी ठीक आल्या की रेबीज देणार, नाइन-इन-वन नाही. लेप्टोबद्दल केमोच्या डॉक्टरांना विचारतो, माझं मन अजून होत नाही. पाऊस वाढला तर हिरा बहिणीकडं विश्रामबागेत जाईल, ही सूचना घरात सगळ्यांना पटली.

मिरजेची_मीनल:
लहान मुलं आहेत म्हणून रेबीजचं समजू शकते. मुलं नसती तर तुमच्या जागी मी दिली नसती.

हरिपूर_रोडवाला:
मी तरीही दिली असती. गल्लीतली भटकी घरात मुलं आहेत का बघून चावत नाहीत, आणि कॅन्सरशी झुंजणारा हिरा रेबीजनं जावा हे मला सहन होणार नाही.