शब्दचर्चा: वीजनिर्मिती की ऊर्जारूपांतर?

अनुवादिका: आठवीच्या मुलांसाठी कोयना प्रकल्पावर लिहिते आहे. त्याचं वीजघर पोफळीला आहे. 'पोफळीला वीजनिर्मिती होते' हे वाक्य तपासनिसांनी खोडलं. ऊर्जा निर्माण होत नाही, 'रूपांतर' लिहा म्हणाले. पण मुलं विचारणारच, रूपांतर करायचंच कशाला? आहे ती ऊर्जा तशीच का वापरत नाहीत? सोप्या मराठीत काय लिहू?

घाटमाथा: तपासनीस बरोबर आहेत. ऊर्जा अक्षय्य असते हे शिकवायचं आणि पुढच्याच पानावर 'निर्मिती'?

पोफळीकर: निसर्गात विजेची खाण नाही. शिवाजीसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, आहे ती पाण्याची उंची, आणि उंची तारेतून मुंबईला धाडता येत नाही. म्हणून पाणी दाबनळांतून साडेचारशे मीटरहून खोल सोडतात, झोत पेल्टन चाकाच्या वाट्यांवर बसतो, चाकाबरोबर जनित्रातलं चुंबक फिरतं, तेव्हा तारेत वीज येते. बाबा तिथे नोकरीला होते. घरी कायम 'जनरेशन', फार तर 'निर्मिती'. 'रूपांतर' कधी ऐकलं नाही.

निरुक्त: 'निर्मिती'त 'मा' हा संस्कृत धातू, म्हणजे शब्दाचं मूळ, आहे: मोजणे. मोजूनमापून घडवणे हा अर्थ. शून्यातून काढणे नव्हे. मूर्तिकार मूर्ती निर्माण करतो, माती नाही. तेव्हा 'वीजनिर्मिती' बरोबर, 'ऊर्जानिर्मिती' चूक.

घाटमाथा: धातू पोरांना कोण सांगणार? आज शब्द ऐकून काय समजतं ते महत्त्वाचं. आणि सौर पॅनेलमध्ये तर काहीच फिरत नाही.

पोफळीकर: फिरत नाही, पण बदल आहेच. उजेडाने सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन सुटतात. चंद्रपूरला कोळशाची उष्णता, उष्णतेची वाफ, वाफेने चाक, मग वीज. एवढ्या प्रवासात कोळशातली साधारण तिसरा हिस्सा ऊर्जाच हाती लागते.

वाशिष्ठीकाठ: थोडं अवांतर. वीज करून झालेलं कोयनेचं पाणी आमच्या चिपळूणकडे येतं, त्याला 'अवजल' म्हणतात. हा शब्द मला खुपतो. अवगुण, अवकळा यांच्या पंक्तीत आमची वाशिष्ठी नदी का?

निरुक्त: इथे 'अव' म्हणजे खाली. अवतरण, अवरोहण.

वाशिष्ठीकाठ: मग 'उतारपाणी' म्हणा. बारमाही वाहणाऱ्या पाण्याला उरलंसुरलं समजू नये.

घाटमाथा: रुळलेला शब्द आहे, बदलू नका.

वाशिष्ठीकाठ: 'वीजनिर्मिती'ही रुळलेलाच होता!

पोफळीकर: शिवाय पोफळीचं पाणी कोळकेवाडीच्या धरणात येतं आणि प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात पुन्हा वीज देतं. पोफळीतून बाहेर पडताना ते अवजल कसं?