पनामाची गेशा, ज्वालामुखीची माती आणि आपला सह्याद्री: कॉफी लावावी का?

वाफाळती

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, वेळ असेल त्यांनी वाचा.

गेल्या काही महिन्यांपासून घरी पोअरओव्हर (फिल्टरमधल्या पुडीवर हळूहळू गरम पाणी ओतून केलेली कॉफी) करतेय. मैत्रिणीने पनामाच्या बोकेते गावची गेशा या जातीची कॉफी आणून दिली, छोटंसं पाकीट. करून प्यायले तर कॉफी आहे असं वाटेचना, मोगऱ्याच्या जवळ जाणारा वास, संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी, आणि कडूपणा जवळजवळ नाहीच. पाकिटावर लिहिलेलं, व्होल्कॅनिक सॉइल, उंची १७०० मीटर, बारू ज्वालामुखीचा उतार. तेव्हापासून डोक्यात एकच, की आपला अख्खा सह्याद्री पण ज्वालामुखीचाच ना? शाळेत शिकलोय की दख्खनचं पठार लाव्हारसाचं आहे. आमच्या सासरी पाटणच्या वरच्या अंगाला पठारालगत थोडी जमीन आहे, उंची हजार-अकराशे मीटर, वर जांभा आहे, खालच्या उतारावर जरा बरी माती आणि जुनी झाडं. सासरे म्हणतात नाचणी आणि वरीशिवाय तिथे काही होत नाही.

तर माती ज्वालामुखीची, उंची बऱ्यापैकी, पाऊस भरपूर, मग आपल्याकडे अशी कॉफी का होत नाही? कुणी प्रयत्न केलाय का? आणि ती चव खरंच मातीतून येते की पाकिटावर छापायला बरं म्हणून लिहितात?

मातीकाम

ताई, प्रश्न फार आवडला. मी मृदाशास्त्र शिकलोय आणि ज्वालामुखीची माती या शब्दावर कॉफीवाले जेवढं ओझं टाकतात तेवढं ते पेलत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी वय बघा. आपला बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. बारूचा शेवटचा उद्रेक साधारण पाचशे वर्षांपूर्वीचा. दोन्ही ज्वालामुखीच, पण तिथे अजून राख आणि तिच्यापासून नुकतीच तयार झालेली माती आहे, आणि आपल्याकडे त्या दगडावर कोट्यवधी वर्षं पाऊस पडून घाटमाथ्यावर शेवटी जांभा उरलाय. चुना, पालाश, मॅग्नेशियम सगळं कधीच धुऊन खाली गेलं, मागे राहिलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. खाली देशावर त्याच बेसॉल्टची काळी माती झाली, पावसात चिकट आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. कॉफीच्या मुळांना दोन्ही नको असतं. तिला पाणी भरपूर लागतं पण साचलेलं अजिबात चालत नाही.

राखेची माती हातात घेतली तर आकाराच्या मानाने एकदम हलकी लागते. तिच्यात अ‍ॅलोफेन नावाचं खनिज असतं, अतिशय बारीक आणि पोकळ कणांचं. त्यामुळे ती पाणी धरूनही ठेवते आणि जास्तीचं सोडूनही देते, आणि सेंद्रिय पदार्थ तिच्यात वर्षानुवर्षं टिकून राहतो. मुळं खोलवर जातात, कोरड्या महिन्यांत झाड तग धरतं. ज्वालामुखीचा खरा फायदा हा आहे, भौतिक. पोषणाच्या बाबतीत ती लोकांना वाटते तशी सोन्याची खाण नाही, कारण तेच अ‍ॅलोफेन स्फुरद (फॉस्फरस) असं घट्ट धरून ठेवतं की झाडाला मिळतच नाही, शेतकऱ्याला वरून द्यावं लागतं. गंमत अशी की जांभ्यातही स्फुरद अडकतं, फक्त तिथे ते लोह-अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांमुळे. म्हणजे अडचण सारखी आणि फायदा मात्र त्यांच्याकडेच.

चव मातीतून थेट कपात येते असं मानायला मला तरी आधार दिसत नाही. माती झाडाला निरोगी ठेवते, फळ सावकाश भरू देते, इथपर्यंत तिचं काम. पुढची गोष्ट हवामान, जात आणि माणसांची.

दर्यावर्दी

मी बोकेतेला जाऊन आलोय. मर्चंट नेव्हीत होतो, पनामाला साइन ऑफ झालं (जहाजावरची ड्युटी संपली) आणि लगेच घरी न जाता थोडे दिवस तिथेच काढले. पनामा सिटीहून बसने दाविद, सात-एक तास, आणि तिथून पुढे तासाभरात बोकेते. गाव साधारण बाराशे मीटरवर आहे आणि मळे त्याच्या वर वर चढत जातात. बारूची उंची ३४७५ मीटरच्या आसपास, पनामातलं सगळ्यात उंच ठिकाण, आणि आकाश स्वच्छ असेल तर शिखरावरून दोन्ही समुद्र दिसतात, पॅसिफिक पण आणि कॅरिबियन पण.

ही दोन समुद्रांची गोष्ट नुसती टुरिस्ट लोकांना सांगायची नाहीये, कॉफीचं सगळं गणित त्यात आहे असं तिथल्या मळेवाल्याने मला उभ्या उभ्या समजावलं. डिसेंबर ते मार्च-एप्रिल तिथे कोरडा हंगाम, तोडणी पण तेव्हाच. पण त्याच महिन्यांत कॅरिबियनकडून व्यापारी वारे डोंगर ओलांडून येतात आणि आपल्यासोबत अगदी बारीक तुषार आणतात, त्याला ते बाहारेके म्हणतात. ऊन पडलेलं असतं आणि तरी अंग ओलं होतं, दिवसभर कुठे ना कुठे इंद्रधनुष्य. म्हणजे पाऊस थांबला तरी झाड कोरडं पडत नाही, ऊन सौम्य राहतं, रात्री गारठा, आणि फळ पिकायला जास्त आठवडे घेतं. आता आपल्या घाटमाथ्याशी ताडून बघा, आपल्याकडे धुकं येतं तेच मुळी जून ते सप्टेंबर, जेव्हा पाणी आधीच नको नको झालेलं असतं, आणि जानेवारी ते मे जेव्हा खरी गरज असते तेव्हा डोंगर पार करपलेले.

त्याच बाहारेकेमुळे वाळवणी मात्र कटकटीची होते, उघड्यावर ठेवलेली कॉफी ओलसर राहते, म्हणून बरेच जण ड्रायर वापरतात. बारूच्या पश्चिमेला व्होल्कान नावाचं गाव आहे, तिकडे हा ओलावा कमी पोचतो.

अजून एक, जे पाकिटावर कधी छापत नाहीत. तोडणी करणारे बहुतेक नोबे-बुगले हे मूळनिवासी लोक, आख्खी कुटुंबं हंगामासाठी डोंगरात येतात, बायका पायघोळ रंगीत नागुआ घालून त्या उभ्या उतारावर काम करतात. गेशाची फळं एकदम पिकत नाहीत, त्याच झाडाकडे परत परत जावं लागतं आणि फक्त पूर्ण लाल झालेलंच तोडायचं. हात इतके सराईत की बघत राहावं. त्या कपातली अर्धी कमाई या लोकांची आहे असं मला मनापासून वाटतं, आणि लिलावाच्या बातम्यांत नाव फक्त मळ्याचं येतं याचं वाईट वाटतं.

रोस्टर_ठाणे

छान चाललाय धागा. मी जातीबद्दल लिहितो कारण ताईंनी जी चव सांगितली ती सगळ्यात जास्त तिथून येते.

गेशा मूळची इथिओपियाची, नैर्ऋत्येकडच्या जंगलातून १९३० च्या दशकात बी गोळा केलं, ते केनिया, टांझानिया करत १९५३ साली कोस्टा रिकातल्या तुरियाल्बाच्या संशोधन केंद्रात पोचलं, टी २७२२ या नंबराने. तिथून १९६० च्या दशकात पनामात आलं, आणि आणलं कशासाठी तर तांबेरा हा पानांवरचा रोग सहन करते म्हणून! चवीचा विषयच नव्हता. झाड उंच, फांद्या लांब आणि ठिसूळ, पेरांमधलं अंतर जास्त त्यामुळे फळं कमी. कमी उंचीवर लावली तेव्हा कप (म्हणजे कॉफीची चव) काही खास आला नाही, शेतकऱ्यांनी दुर्लक्ष केलं, कुठे कुठे इतर झाडांत मिसळून उभी राहिली.

मग पीटरसन कुटुंबाच्या हासिएंदा ला एस्मेराल्दाने हारामियो भागातला उंचावरचा मळा घेतला. तिथे पानावरची बुरशी आली तेव्हा ही झाडं इतरांपेक्षा बरी टिकली म्हणून त्यांनी ती आणखी वर लावली. नंतर मळ्याच्या एकेका तुकड्याची कॉफी वेगवेगळी ठेवून चाखायला घेतली आणि तेव्हा कळलं की तो फुलांचा वास फक्त याच झाडांचा आहे. २००४ च्या बेस्ट ऑफ पनामा स्पर्धेत पहिली आली आणि लिलावात पाउंडाला २१ डॉलर मिळाले, ज्या काळात साधी कॉफी पाउंडाला एक डॉलरच्याही खाली होती. आणि २०२५ च्या लिलावात याच मळ्याची वॉश्ड (गर काढून, धुऊन वाळवलेली) गेशा किलोला ३०,२०४ डॉलरला गेली, वीस किलोचा लॉट, दुबईच्या खरेदीदाराने घेतला. साधारण सव्वीस लाख रुपये किलो. हा आकडा बघून कुणी लागवड ठरवू नये, तो एका लॉटचा भाव आहे, पिकाचा नव्हे.

पण वेगवेगळं ठेवून चाखणं ही जी सवय आहे ना, त्याने सगळं बदललं. आपल्याकडे अजूनही बऱ्याच मळ्यांत वरचं खालचं, सकाळचं संध्याकाळचं एकत्रच पल्परला (फळाची साल-गर काढायच्या यंत्राला) जातं आणि मग चांगलं काय होतं ते कधी कळतच नाही.

ज्वालामुखीच म्हणाल तर ग्वाटेमालाचं अँटिग्वा बघा, आग्वा, आकातेनांगो आणि फुएगो अशा तीन ज्वालामुखींच्या मध्ये. फुएगो आजही जागा आहे, अधूनमधून राख टाकत असतो. ती कॉफी मस्तच लागते पण चॉकलेट आणि मसाल्याकडे झुकणारी, गेशासारखी नाही. माती तशीच, जात वेगळी, कप वेगळा.

मलनाड_मराठी

मी मूळचा बेळगावचा, चिकमगळूर भागात एका मळ्यावर बरीच वर्षं काम करतो. ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

उंचीच्या आकड्यावर जाऊ नका. दर शंभर मीटरला तापमान साधारण ०.६ अंशाने उतरतं, आणि कॉफीला कळतं ते तापमान. बोकेते विषुववृत्ताच्या उत्तरेला नऊ अंशांच्या आत आहे, त्यामुळे गारव्यासाठी त्यांना वर चढावं लागतं. हवाईचं कोना बघा, मौना लोआ आणि हुआलालाई ज्वालामुखींचा उतार, अक्षांश साधारण आपल्या मुंबईचा, आणि तिथे बरीचशी कॉफी नऊशे मीटरच्या खालीच होते, तरी जगात नाव आहे, कारण तिथे दुपारी ढग येऊन सावली धरतात आणि पाऊस वर्षभर विभागून मिळतो. म्हणजे तुमचे हजार-अकराशे मीटर कमी नाहीत. अरेबिकाला (गेशा ज्यात मोडते तो कॉफीचा प्रकार) एवढी उंची आमच्याकडेही चालते.

खरी अडचण पावसाच्या वाटणीची. घाटमाथ्यावर तीन-चार महिन्यांत पाच-सहा हजार मिलिमीटर ओतला जातो, फळ वाढत असताना तेवढा पाऊस म्हणजे पानं सडणार, फळं काळी पडून गळणार. आणि आम्हाला फेब्रुवारी-मार्चमध्ये जो ब्लॉसम शॉवर, म्हणजे फुलं उमलवणारी सर, मिळतो तो तिथे भरवशाचा नाही. त्या एका सरीवर आमचं वर्ष अवलंबून असतं, कळ्या तयार होऊन थांबलेल्या असतात, सर आली की आठ-दहा दिवसांत सगळा मळा पांढराशुभ्र होतो. तुमच्याकडे वळीव एप्रिल-मेमध्ये, तो उशिराचा. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये तुषार सिंचन करता येईल एवढं पाणी हवंच.

आणि महाराष्ट्रात कॉफी नाही असं नाही हां, मेळघाटात चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून आहे, तीही बेसॉल्टच्याच डोंगरावर. तिथे पाऊस घाटमाथ्यापेक्षा कितीतरी कमी. आधी तिकडे एक चक्कर मारा, पनामापेक्षा तुम्हाला उपयोगाचं तिथे जास्त दिसेल.

वाफाळती

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. सासऱ्यांना फोनवर वाचून दाखवलं, ते बाहारेके ऐकून म्हणाले असं धुकं आपल्याकडे शिमग्याला आलं असतं तर आंबाच राहिला नसता :)

पाण्याचं म्हणाल तर उताराच्या तळाशी एक झरा आहे, मार्चपर्यंत चालतो, एप्रिलमध्ये जेमतेम. जांभ्याच्या वरच्या भागाचा विचार सोडला. पण खालच्या उतारावर जुन्या झाडांखाली थोडी रोपं लावून बघायची इच्छा आहे, विकायला नाही, घरच्यापुरती. गेशाच लावू का? आणि सुरुवात कशाने करू?

मातीकाम

मातीचा नमुना आधी. एक फूट आणि दोन-अडीच फूट अशा दोन खोलींवरून घ्या, एकत्र करू नका. सामू (पीएच) पाच ते सहाच्या मध्ये हवा, कमी निघाला तर चुना द्यावा लागेल. आणि भर पावसात एकदा जाऊन खड्डा करून बघा, पाणी किती वेळ उभं राहतं. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर ती जागा कॉफीची नाही.

मलनाड_मराठी

गेशा नको. नाजूक आहे, उत्पन्न कमी, आणि आपल्याकडच्या खोडकिड्यापुढे अरेबिकाची कुठलीच जात तशी निर्धास्त नाही. बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्राने काढलेल्या जाती बघा, एस ७९५ जुनी आणि चवीला उत्तम, सिलेक्शन ९ आणि चंद्रगिरी पण आहेत. एस ७९५ नीट पिकवून, फक्त लाल फळं तोडून, सावकाश वाळवली तर फार सुंदर कप येतो, तिला कमी लेखू नका.

सावली तोडू नका ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पांढरा खोडकिडा उन्हातल्या झाडांवर जास्त येतो. उंबर, फणस असेल तर राहू द्या, नसेल तिथे पांगारा लावा, त्याच्या फांद्या नुसत्या खोचल्या तरी जगतात आणि नत्रही देतो, सिल्व्हर ओक नंतर बघू. खड्डे उन्हाळ्यात काढून ठेवा, रोपं पावसाच्या सुरुवातीला, पण उतारावर आडवे चर खोदल्याशिवाय नको, नाहीतर पहिल्याच जुलैत माती खाली जाईल. फळं तिसऱ्या-चौथ्या वर्षी. एक किलो हिरव्या (न भाजलेल्या) बीसाठी साधारण पाच-सहा किलो फळं लागतात, त्यामुळे घरच्यापुरती म्हटलं तरी शंभरेक झाडांच्या खाली जाऊ नका, थोडी मरतातच.

दर्यावर्दी

आणि पाटणच्या वर म्हणजे कोयनेचं जंगल लागूनच असणार. गवे उतरतात का तिकडे?

वाफाळती

हो, उतरतात, नाचणीत दर वर्षी येतात.

मलनाड_मराठी

मग रोपांच्या आधी कुंपणाचा खर्च धरा. आमच्याकडे गवे कॉफीचं झाड फारसं खात नाहीत पण कळप आत शिरला की कोवळी रोपं तुडवली जातात आणि खोडाला अंग घासून मोडतात. सोलरचं कुंपण चालतं, पण तारेखालचं गवत सतत कापावं लागतं, आणि ते कोण करणार हे सासऱ्यांशी आधी बोलून घ्या.